वळून बघणारं यंत्र

"डावीकडनं बोलू नगं रं, तिकडं कोण न्हाय," असं आक्का म्हणायची आणि अंगासकट वळायची. नवा माणूस हसायचा. मग कुणीतरी त्याला खरं सांगायचं आणि तो तिच्या उजवीकडं जाऊन उभा राहायचा.

बेळगावजवळ मच्छ्यात विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात आम्ही बरोबर होतो. ती तांब्याची तार गुंडाळायची, मी बेअरिंग बसवायचो. गावातही तिचं घर माझ्यापासून चौथं. नवरा वारल्यावर एकटीच राहायची. एका दुपारी परसात धुणं वाळत घालताना मागून कुणीतरी आलं. पहारीचा घाव डाव्या कानामागं बसला. ती पडल्यावरही तो मारत राहिला. कानातली फुलं ओढून काढली, पाळ्या फाटल्या. रांगत ती रस्त्यापर्यंत आली, तेव्हा तिला पहिल्यांदा मीच पाहिलं. तो माणूस सापडला नाही. डावा कान गेला तो गेलाच.

टाके निघाल्यावर तिनं यंत्र बांधायला घेतलं. जुना मोबाइल, दोन बारक्या मोटारी, खेळण्यातल्या गाडीची चाकं, प्लायवूडची फळी. बाकीचं व्हिडिओ बघून शिकली. माणूस दिसला की यंत्र त्याच्याकडे तोंड करायचं, मागं मागं जायचं, भोंगा वाजवायचं आणि आक्काच्या फोनवर चित्रण पाठवायचं. सुरुवातीला ते दोरीवरच्या साडीच्याच मागं लागायचं. "साडीत माणूस न्हाय म्हणून किती सांगितलं, ऐकत न्हाय बघ!" आम्ही हसायचो. पण त्यानंतरच ती परसाचं दार उघडं ठेवून भांडी घासताना दिसू लागली. त्याआधी दाराला कडी लावून बसलेली तिला तुम्ही पाहिलं असतं, तर यंत्राला हसला नसतात.

माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी कारखान्यातून तिचा फोन आला. "परसात कोण तरी हाय रं! पळ!"

मी ओरडत पळालो. सात-आठ जण जमले. नळापाशी एक माणूस वाकलेला, यंत्र त्याच्याकडे तोंड करून भोंगा वाजवतंय. कुणी काही विचारलं नाही. पहिली काठी पाठीत बसली, दुसरी तोंडावर. दात मातीत पडले. तो "नीर री, नीर" म्हणत होता. पाणी, पाणी. आम्हा सगळ्यांना कन्नड येतं. त्या वेळी कुणालाच आलं नाही.

कारखान्यातून आलेली आक्का स्कूटर टाकून थेट काठ्यांखाली घुसली. एक काठी तिच्या मनगटावर बसली. हाड मोडलेलं मी ऐकलं. त्याच्या अंगावर आडवी पडून ती ओरडली, "ह्यो त्यो न्हवं! आणि असता तरी? जीव घेणार काय रं?"

पुढच्या दारात चटयांची गुंडाळी पडली होती. चटया विकणारा माणूस. ती गुंडाळी ओलांडूनच आम्ही आत गेलो होतो. त्याचा एक डोळा गेला.

पळताना पडला, असं गावानं पोलिसांना सांगितलं. चित्रण आक्काच्या फोनमध्ये होतं. मी तिच्याकडे गेलो. "पुसून टाक आक्का. तुझ्यासाठीच धावलो की आम्ही."

"व्हय. मीच बोलावलं. माझं नाव पयलं लिवा म्हणून सांगणार हाय." प्लास्टरातला हात तिनं मांडीवर धरला होता. "मला मारलं तवा बघणारं कोण न्हवतं. ह्याला मारलं तवा होतं. ते कसं पुसू?"

तिनं चित्रण पोलिसांना दिलं. बहुतेकांची तोंडं स्पष्ट होती. मी मात्र कडेला, पाठमोरा. आठवड्यात तिच्या घरावर दगड आले, यंत्र कुणीतरी ठेचलं. ती निपाणीला बहिणीकडे गेली. कारखान्यात तिच्या जागी दुसरी बाई आली.

गुन्हा आम्हा सगळ्यांवर लागला. मी सोडवायला गेलो होतो, असं मी बायकोला, वकिलाला, सगळ्यांना सांगत राहिलो.

बेळगावच्या कोर्टात आक्का साक्षीला आली. मनगट वाकडंच जुळलं होतं. सरकारी वकिलानं माझ्याकडे बोट करून तिला विचारलं, ह्यांनी काय केलं? तिनं माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना.

"दोन लाथा मारल्या, मी बघितल्या. दुसरी, मी त्याच्या अंगावर पडायच्या जरा आदी. पोटात."

मागच्या बाकावर माझी बायको बसली होती.

"खरं हाय," मी उभ्या उभ्या बोलून गेलो. माझ्या वकिलानं कपाळाला हात लावला.

संध्याकाळी मला कोर्टातून बाहेर सोडलं, तोवर आक्काची निपाणीची गाडी सुटली होती.