कांद्याच्या गोणीची जाळी

दौंडला शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला, "आक्का गेली, निघा." तिच्या गावी, न्हावऱ्याला, कसा पोचलो ते आठवत नाही. आठवतो तो दहाव्याचा नदीकाठ. पिंड मांडलेले, झाडावर कावळे, आणि एकही शिवेना! ऊन चढायला लागलं. जो तो हात जोडून पुढं येई... लेकीचं लग्न करू, पोराला शिकवू. कावळे ढिम्म. माझ्या थोरल्या बहिणीचा जीव खिडकीच्या जाळीत अडकलाय, हे मला ठाऊक होतं आणि दाजींना. माणसं भेटायला येतील, घर बरं दिसावं म्हणून दाजींनी तीच जाळी उतरवून ठेवली होती. आणि आता मान खाली घालून बसले होते. असा संताप आला होता मला!

शेतात बंगला बांधला तेव्हा दाजींनी हौसेनं मोठ्या खिडकीला आरशासारखी काच लावली. समोर ज्वारी. गोफण फिरली की भोरड्यांचा थवा उठायचा आणि काचेतलं आभाळ खरं समजून धाडधाड आपटायचा. आक्का मेलेली पाखरं पदरात गोळा करायची. मग तिनं कांद्याच्या लाल जाळीदार गोण्या उसवल्या, एकमेकींना शिवल्या आणि काचेच्या वीतभर पुढं ताणून बांधल्या. पाखरू आलंच तर जाळीवर झेललं जाई, उडून जाई. दाजी भडकले, "बंगला हाय का कांद्याची वखार?"

"वखार तर वखार!" आमची आक्का म्हणजे एक घाव दोन तुकडे.

वास्तुशांत पुढं सवडीनं घातली, तेव्हा मोठे पाहुणे येणार म्हणून ती एका दिवसापुरती जाळी काढायला तयार झाली. पण अट घातली, "आज गोफण न्हाई. खाऊंद्या ज्वारी." दाजी कबूल झाले. आणि पाहुण्यांची जीप दिसताच भल्या माणसानं फटाक्यांची माळच अंथरली! ज्वारी भोरड्यांनी भरलेली. काडी ओढली, वात फुरफुरली... आणि आक्कानं पाहुण्यांच्या हातपाय धुण्याची अख्खी कळशी माळेवर उपडी केली. दाजी कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. जाळी मात्र त्याच संध्याकाळी परत लागली.

शेवटी घाटावर मीच ओरडलो, "दाजी, म्हणा की जाळी लावतो म्हणून!" ते गप्पच. कावळा शिवला नाही की करतात तसा दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि लोक मोकळे झाले.

घरी आल्यावर मात्र दाजी पाणीही न पिता जाळी घेऊन स्टुलावर चढले. मी खालून स्टूल धरलं. रागानं विचारलं, "मग तिथं का नाही बोललात?"

"पाव्हणं," ते खाली न बघता म्हणाले, "म्हणलो असतो आन् कावळा शिवला असता... तर ती गेली असती वो."

परवा जाऊन आलो. जाळी ताठ बसलीय. एक कोपरा तेवढा सुटा आहे. "बांधतो की," म्हणतात दाजी, आणि बांधत नाहीत.