कापसाच्या काट्यावरचं माझं वजन

तेरा वर्षांची असताना मी कापसाच्या काट्यावर बसायला साफ नकार दिला... त्याचा मुंबईत कुणाला घोर लागेल, हे माझ्या गावीही नव्हतं. गोष्ट ऐंशीच्या दशकातली, एरंडोलजवळच्या आमच्या खेड्यातली.

आधी थोडं मागचं सांगते. मी सहा वर्षांची असताना ताप हटेना, हिरड्यांतून रक्त येई. धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि वडिलांना, म्हणजे आबांना, बाजूला घेऊन सांगितलं की थेट मुंबई गाठा. रक्ताचा कॅन्सर होता.

पुढची दोन-अडीच वर्षं मुंबईच्या वाऱ्या... सुया, गोळ्या, ओकाऱ्या, डोक्याचा चकोट. तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी आबांना एकदा नीट समजावलं होतं. कोणतं औषध किती दिवस द्यायचं हे आधीच्या आजारी मुलांकडून शिकलो, त्या संशोधनाला कुणाकुणाच्या देणग्या लागल्या, म्हणून आज तुमच्या मुलीला औषध देता येतंय... आबा सातवी शिकलेले, पण ही गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली.

मी बरी झाले. आबांनी पद्मालयाच्या गणपतीला माझी कापसाने तुला करायचा नवस बोलला होता, तो फेडला. आईला वाटलं, सुटलो.

पण पुढच्या वर्षी पहिली वेचणी झाली आणि आबांनी परत शेतातल्या कडुलिंबाला काटा बांधला. आई म्हणाली, आता कसला नवस? तर म्हणाले, "देवनं देनं फिटनं. दवाखानानं कोठे फिटनं?"

मग ते दरवर्षीचंच झालं. एका पारड्यात मी, दुसऱ्यात कापूस. काटा समेवर आला की आबा वरून एक ओंजळ जास्तीची टाकत, तो कापूस वेगळा विकत आणि पैसे मनिऑर्डरने हॉस्पिटलच्या त्या संशोधनाच्या फंडाला पाठवत. मनिऑर्डरच्या फॉर्मवर निरोपाला चार ओळींची जागा असे... तिथे लिहीत, 'सरला. वजन एकवीस किलो. पोर बरी शे.' 'शे' म्हणजे आमच्या अहिराणीत 'आहे'. वजन कशाला लिहायचं? तर मापात खोट नाही हे त्यांना कळावं म्हणून. हॉस्पिटलला ते अडत दुकान समजत होते की देऊळ, देव जाणे.

एक चूक मात्र आमची झाली, आणि आमच्याकडे ती सगळेच करतात. पोर बरी झाली की त्या आजाराचं नाव घरात काढायचं नाही, दवाखान्याची पायरी परत चढायची नाही... उगाच आठवण कशाला द्यायची? डॉक्टरबाईंनी दरवर्षी तपासणीला बोलावलं होतं. आम्ही दोनदा गेलो आणि मग गेलोच नाही.

तर तेराव्या वर्षी मी अडून बसले. वेचणीला आलेल्या पोरी मला 'गाठोडं' म्हणून चिडवायच्या, आणि चारचौघांत वजन करून घ्यायची लाज वाटायची. आबा रागावले नाहीत. पण मनिऑर्डरही केली नाही... "वजनच नही ते काय धाडू?" एवढंच म्हणाले.

संक्रांत उलटली आणि मुंबईहून एक आंतर्देशीय पत्र आलं. आबांनी ओट्यावर बसून ते दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

डॉक्टरबाईंनी स्वतः लिहिलं होतं. पैशाचा त्यात शब्दही नव्हता. दरवर्षी सरलाचं वजन कळायचं, यंदा काहीच आलं नाही, ती कशी आहे? पुढे लिहिलं होतं की, बरी होऊन घरी गेलेली कितीतरी मुलं पुढे आम्हाला दिसतच नाहीत. ती जगली का, वाढली का, हे कळल्याशिवाय आमचं औषध खरंच चांगलं की नाही ते कळत नाही. तुमच्या चार ओळी मी तिच्या फाइलला लावून ठेवते... काहीही असलं तरी कळवा.

'काहीही असलं तरी'पाशी मी थांबले. आबा म्हणाले, "त्या डॉक्टरीनबाईले वाटनं व्हई, आपली पोर गयी."

मला रडूच फुटलं. मी लाजेपायी घरात बसले होते, आणि तिकडे एक बाई माझ्या वजनाची वाट बघत होती.

डोळे पुसले आणि म्हटलं, "आबा, काटा बांधा." चांगला कापूस कधीच विकला गेला होता, शेवटच्या वेचणीचा किडका-पिवळा तेवढा शिल्लक होता. मी पारड्यात बसले. छत्तीस किलो... आणि ओंजळ नेहमीसारखी वरून.

या वेळी मनिऑर्डर केली नाही, आबा मला घेऊन स्वतः मुंबईला गेले. डॉक्टरबाईंनी फाइल उघडली तर माझ्या रिपोर्टांच्या वर आबांच्या अक्षरातल्या त्या चिठ्ठ्या टाचलेल्या. त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं, आकडा लिहिला आणि कितीतरी वेळ माझा हात धरून ठेवला. त्यानंतर एकही वर्ष आम्ही चुकवलं नाही.

माझ्याआधी ज्यांनी दिलं, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. त्यांतल्या काहींची स्वतःची मुलं कदाचित वाचली नसतील, तरी त्यांनी दिलं... त्यांच्यापुढे मी आजही हात जोडते. आणि आबांपुढेही. संशोधन हा शब्द त्यांना धड लिहिता येत नव्हता, पण माझ्या प्रत्येक वाढलेल्या किलोचा त्यांनी त्याला हिस्सा दिला.

आता आबा नाहीत, शेत भाऊ बघतो. मी देणगी मोबाइलवरून पाठवते, वजन मात्र दर दिवाळीनंतर त्याच लिंबाखाली करते. भावाच्या सुना हसतात, कारण आकडा आता हसण्यासारखाच आहे. डॉक्टरबाई कधीच्या निवृत्त झाल्या, तिकडे कोण वाचतं मला माहीत नाही. तरी पैसे पाठवताना शेऱ्याच्या रकान्यात मी दरवर्षी टाइप करते...

'सरला. वजन अडुसष्ट किलो. पोर बरी शे.'