घरमालकांचं क्रियापद

घराचा मालक असल्याचा आरोप आमच्या घरमालकांइतक्या जोरात नाकारणारा माणूस जयपुरातच काय, अख्ख्या देशात सापडायचा नाही. ते अमरावतीकडचे. विम्याच्या नोकरीत बदली होऊन इथे आले आणि निवृत्तीनंतर विद्याधर नगरात घर बांधून राहिले. वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहते आणि त्यांना काका म्हणते. टँकरवाल्याने "मालिक कौन है" असं विचारलं, की काका गेटवर उभे राहून सांगतात, "कागज पे मैं हूँ, भैया. असल में देखना पड़ेगा." तो बिचारा पाइप हातात धरून तसाच उभा. एकदा माझ्या खोलीतला नळ गळायला लागला, तर स्वतःच्याच जिन्यात थांबून त्यांनी मला फोन केला, "आत येऊ का? ओनर मी असलो तरी पझेशन तुझं आहे."

मालकी सांगणारी इंग्रजी क्रियापदं हे त्यांचं वेड. खिशातल्या डायरीत प्रत्येकाचं वेगळं पान. त्यांना इंग्रजांची मनापासून कीव येते. "आपल्याकडे बायको 'मला' असते, छत्री 'माझ्याकडे' असते अन् घर 'माझं' असतं. त्यांना बायको, सर्दी अन् छत्री, सगळं एकाच हॅवमध्ये कोंबावं लागतं." जुन्या शहरात, चारदीवारीत, एका सराफाने दुकान तिघा भावांचं आहे हे सांगताना पाटीवर ओन्डच्या जागी पझेस्ड लिहिलं होतं. काका दुकानात शिरले आणि या पाटीचा अर्थ तिघा भावांनी दुकानाला भुतासारखं झपाटलंय असा होतो, हे त्याला अर्धा तास समजावलं. सराफ शांतपणे म्हणाला, "बाबूजी, मँझले भाई के लिए तो सही लिखा है." पाटी अजून तशीच आहे.

या वेडाची खरी गरज मला पडली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील इचलकरंजीत दुसऱ्याच्या मागावर कापड विणतात, आणि हे मी कुणालाही दबक्या आवाजात सांगत नाही. इथल्या एका कंपनीत माझं प्रोबेशन संपत आलं होतं. मॅनेजर म्हणाले, "तुझं काम चांगलं आहे, पण यू डोन्ट ओन इट." मी प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "नाही सर, ते कंपनीचं आहे." ते हसलेही नाहीत. महिन्याभरात फरक दिसला नाही तर कायम करता येणार नाही, एवढंच म्हणाले. आता आमच्या घरी मालक म्हणजे ज्याच्यासमोर वडील खुर्चीवर बसत नाहीत, तो माणूस. मी ते व्हायचं कसं?

काकांना हे सांगितलं तर ते चक्क खूश झाले. "काहून तोंड पाडून बसली वं? तुझं फक्त व्याकरण बिघडलं आहे." मला गच्चीवर नेलं आणि कूलरकडे बोट दाखवलं.

"हा कोणाचा?"

"तुमचा."

"त्यात पाणी कोण घालते?"

"मी."

"गवताच्या जाळ्या कोणी बदलल्या? मोटर घरघरते हे मले कोणी सांगितलं?"

"मीच."

"मतलब, ओनर मी. ओन तू करून रायली. ओनर हे नाम आहे, ते कागदावर असते. ओन हे क्रियापद आहे. ते करा लागते."

पंधरा दिवसांनी आमच्या टीमकडून ग्राहकाला जुनाच तक्ता गेला. मीटिंगमध्ये सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघत बसले. तक्ता माझ्या हातून गेला होता. मी म्हटलं, "आय ओन धिस. संध्याकाळपर्यंत नवा देते, आणि यापुढे पाठवायच्या आधी कसा तपासायचा तेही लिहून देते." दिला. महिनाअखेरीला मला कायम केलं.

आनंदाने वडिलांना फोन लावला आणि ओनचा अख्खा धडा त्यांना ऐकवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माग मालकाचा हाय," ते म्हणाले. "पर सुताची तार तुटायच्या आधी मागाचा आवाज बदलतो. त्यो मालकाला ऐकू येत न्हाई, मला येतो. तसंच न्हवं?"

"तसंच."

"मग ते तर मी जलमभर करतोय."

खाली जाऊन हे मी काकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "याला मराठीत काय म्हणतात, विचारशील का त्यांना?" मी तिथूनच फोन लावला.

"त्याला काय म्हनायचं?" वडील म्हणाले. "काम म्हनायचं."

काकांनी डायरी काढली, ओनचं पान उघडलं आणि त्यावर तो शब्द सावकाश, शाळकरी अक्षरात लिहिला.

"मी आयुष्यभर नोकरी केली," ते हळूच म्हणाले. "हे मात्र केलं की नाही, ते आता आठवावं लागेल."