जावेचा बोर्ड

माझ्या आणि धाकट्या जावेच्या अंगणांमध्ये चिऱ्यांचा गडगा आहे, कमरेइतका. अलीकडे माझा बोर्ड, पलीकडे तिचा. दोघीही पर्यटकांना खोल्या देतो. माझ्या बोर्डावर ‘रूम्स अव्हेलेबल’ असं निर्दोष इंग्रजी आहे. मी जन्मभर हायस्कुलात तेच शिकवलं. तिच्या बोर्डावर ‘ए रूम्स’. ए म्हणजे एक, रूम्स म्हणजे अनेक, हे मी पाचवीतल्या पोरांकडून घोकून घेतलेलं. आणि गाड्या थांबतात तिच्या दारात! लोक त्या बोर्डाचे फोटो काढतात आणि हसत हसत बॅगा घेऊन आत जातात.

मला ते बघवत नाही. माझ्या चादरी पांढऱ्याशुभ्र, नळाला गरम पाणी. ती पाहुण्यांना सरळ चुलीपाशी बसवते, खोबरं किसायला लावते, वर ‘टेक ए भाकऱ्या’ म्हणून आग्रह करते. माणसं खुळावल्यासारखी खातात. माझ्याही घरात असा गलका व्हावा, एवढंच मला हवं होतं.

गेल्या महिन्यात माझ्याकडे पुण्याचं एक जोडपं उतरलं. संध्याकाळी पलीकडे हशा पिकला, तशी दोघं गडग्यापलीकडे गेली ती जेवूनच परतली. मी तळलेली सुरमई झाकलेलीच राहिली. माझा नुसता जळफळाट झाला.

सकाळी उठून मी तिच्या अंगणात गेले.

“अगो, तुझो बोर्ड चुकीचो आसा. ए म्हणजे एक. एकतर ए ठेव, नायतर एस!”

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती पदराला हात पुसत बोर्डाकडे बघत राहिली.

“खरां सांगतात, वयनी? पयली एकच खोली होती मां, तेवा ‘ए रूम’ लिवन घेतलंय. दुसरी बांधलंय, तेवा पेंटर म्हणालो, फुडे एस लावलो की झाला.” मग तिनं घरामागच्या चिऱ्यांच्या ढिगाकडे बोट केलं. “आता तिसरी बांधूक घेतलंय. तुमी शिकलेली माणसां, सांगा मां, आणखी एक एस लावूचो काय?”

ती अगदी मनापासून विचारत होती.

मी घरी आले. माझ्या दोन खोल्यांपैकी एकीत यंदाचे नारळ भरून ठेवलेत. बोर्डावर एस मात्र पहिल्या दिवसापासून आहे.