रनरच्या हातात दिलेली पत्रं

पाटी हातात यायच्या आधीच मला ‘निषेध’ हा शब्द वाचता येत होता. आमच्या माळ्यावर भाताच्या कणगीशेजारी जुन्या पत्रकांचे गठ्ठे असत आणि आई त्यांच्या कोऱ्या बाजूवर मला अक्षरं गिरवायला लावी. कागद उलटला की मागं ठळक ठशात ‘जाहीर सभा’, ‘आमच्या मागण्या’, ‘उत्तर द्या’. वडील, म्हणजे आमचे दादा, अकोले तालुक्यातल्या शेतमजुरांच्या चळवळीत होते. जंगलच्या प्रश्नावरचं एक पत्रक मागं घ्यायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी नऊ महिने तुरुंगात काढले. ‘छापलेलं मागं घ्यायचं नाही’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की ते मला घरातल्या एखाद्या भांड्यासारखं ओळखीचं झालं होतं.

नगरला कॉलेजात असताना मीही पत्रकं लिहू लागले. बांगलादेशच्या लढाईच्या त्या दिवसांत मी एक लिहिलं. बड्या देशांची सरकारं कुणाला रणगाडे विकतात, कुणाला तोफा विकतात, आणि त्याचा जाब त्यांना कोण विचारतं? शेवटच्या परिच्छेदात आपल्या सरकारलाही ओढलं: आपल्या कारखान्यांतली शस्त्रं देशाबाहेर कुठं जातात, हे लोकांना सांगणार की नाही? कॉलेजच्या फाटकात उभं राहून ते वाटलं. कुणी उत्तर दिलं नाही, आणि कुणी माझ्या दारातही आलं नाही. सरकारला जाब विचारणं हे इतकं सोपं काम आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

पुढच्याच उन्हाळ्यात दादांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. आई त्याआधीच गेलेली होती. मी कॉलेज सोडून गावी आले, आणि आले ती अडकले.

आमचं गाव डोंगराच्या माथ्यावर. एसटी खालच्या गावापर्यंतच यायची. तिथून दोन तासांची चढण, आणि चढणीला लागून वाड्या. वाट एकच. पावसाळ्यात तीही शेवाळून जायची. दादांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, मग भात, मग पुन्हा दादा. धुकं खाली आलं की समोरचं झाड दिसत नसे आणि मला वाटे, आपल्याला कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवून दिलं आहे. त्या गुंडाळण्याला एकच भोक होतं, ते म्हणजे गावचं पोस्ट.

पोस्ट म्हणजे शाळेच्या खोलीतला एक कोपरा. एक टेबल, पत्र्याची पेटी, तारखेचा शिक्का आणि बाहेर पडवीच्या खांबाला टांगलेला तांबडा डबा. शाळेचे गुरुजीच पोस्टमास्तर. दिवसाआड रनर, म्हणजे पायी टपाल वाहणारा माणूस, खालून बंद थैली घेऊन वर यायचा आणि वरची बंद थैली घेऊन खाली जायचा. रनर पन्नाशीचा, काटक, अनवाणी. सगळं गाव त्याला मामा म्हणे. त्याच्या थैलीतून मला मैत्रिणींची पत्रं यायची, पुण्याचं एक साप्ताहिक यायचं. ते साप्ताहिक दादांना मोठ्यानं वाचून दाखवताना माझाच आवाज मला जिवंत वाटायचा.

एका सकाळी गुरुजींनी शाळेच्या दारावर कागद चिकटवला. पोस्टात टपाल फारच कमी पडतं, दोन आठवड्यांच्या मोजणीत हे स्पष्ट झालं आहे, सबब हे पोस्ट बंद करण्याचा विचार आहे. कुणाचं काही म्हणणं असल्यास कळवावं.

मी गुरुजींना विचारलं, हे कसं शक्य आहे? गावातले निम्मे पुरुष मुंबईला, दोघं तिघं फौजेत. घरोघर पत्रं लिहिली जातात, त्यातली निम्मी मीच लिहून देते. गुरुजी म्हणाले, डब्यात जेवढी पडली तेवढीच मी मोजली. ते सरकारी माणूस, जास्त बोलले नाहीत.

पुढच्या खेपेला मी मामांबरोबर उतरले. दादांपाशी शेजारच्या काकूंना बसवलं होतं. त्या उतरणीवर मला गावाचं सगळं टपाल सापडलं. पहिल्या वाडीपाशी एक म्हातारा बांधावर थांबलेला. त्यानं कोपरीतून कार्ड काढलं, कपाळाला लावलं आणि मामांच्या हातात दिलं. झऱ्यापाशी एका फौजीची बायको हंडा खाली ठेवून उभी होती. तिनं पदराखालून पत्र काढलं आणि सांगितलं, “मामा, त्यांना म्हनावं गाय व्याली. आन् लवकर जाऊंद्या.”

“जाईल गं,” मामा म्हणाले. “उडत जाईल. तुझ्या नवऱ्यापरीस लवकर घरी पोचंल.”

ती लाजून हसली. प्रत्येक वाडीपाशी हेच. खाली पोचेपर्यंत मामांच्या बंडीच्या खिशात पत्रांची चवड झाली होती. खालच्या पोस्टाच्या डब्यात त्यांनी ती एकेक करून टाकली. प्रत्येक पत्र टाकताना ज्याचं त्याचं सांगणं ओठातल्या ओठात पुटपुटले.

मी विचारलं, ही माणसं वरच्या डब्यात का टाकत नाहीत? मामांना प्रश्नच विचित्र वाटला. “डब्याला काय सांगनार?” ते म्हणाले. “डबा काय बोलतोय व्हय? मानसाच्या हातात दिलं म्हंजी कसं, मानूस लक्षात ठेवतोय. माझा बापबी असंच घ्यायचा.”

म्हणजे आमच्या गावाची पत्रं खालच्या गावाचा शिक्का लागून जात होती आणि खालच्या गावाच्या नावावर मोजली जात होती. मला तर खजिना सापडल्यासारखं झालं. वर येताना चढण कधी संपली कळलं नाही.

माळ्यावर दादांचं पत्रकं काढायचं सायक्लोस्टाइल यंत्र होतं. त्याच्या रुळाला जुन्या शाईचा थर चढला होता, तो मी रॉकेलनं पुसून काढला. स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं एका बैठकीत पत्रक कोरलं. ‘आमची पत्रं कुणी मोजली?’ असा मथळा. आमचा रनर वाटेवर प्रत्येक वाडीत थांबतो, लोकांच्या हातातून पत्रं घेतो आणि खालच्या पोस्टात नेऊन टाकतो, पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलं आहे. मग मोजणी फक्त डब्याची करणारं सरकार या पत्रांचं उत्तर कधी देणार? म्हातारा लिहिला, फौजीची बायको लिहिली. मामांचं नाव घातलं नाही, नुसतं ‘रनर’ म्हटलं. त्या वाटेला रनर एकच होता, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

गुरुजींना मी ते मुद्दाम दाखवलं नाही. ते सरकारी नोकर, त्यांच्यावर बालंट नको म्हणून. ही माझी खबरदारी. दादांना वाचून दाखवलं. त्यांनी डावा हात उचलून चांगलं आहे अशी खूण केली. मामांनाही वाचून दाखवलं. ते उकिडवे बसून ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, “लई झ्याक लिव्हलंस बाय. आमच्या बापाचंबी आलं त्यात.”

मी ते पोस्टाच्या वरिष्ठांना पाठवलं, जिल्ह्याच्या पेपरांना पाठवलं. मामांच्याच थैलीतून.

तीन आठवड्यांनी पोस्टाचे इन्स्पेक्टर स्वतः डोंगर चढून आले. पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, बूट काढून ते शाळेच्या बाकावर बसले. गुरुजींनी मुलांना लवकर सोडलं आणि मला बोलावणं पाठवलं. मामा पडवीत खांबाला टेकून उभे होते, काखेत थैली. माझं पत्रक टेबलावर उलगडलेलं, त्यातल्या एका ओळीखाली तांबड्या शाईची रेघ.

इन्स्पेक्टर माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा घेतला, दादांची चौकशी केली. माझ्या नोकरीत पोस्टाबद्दल इतक्या मनापासून कुणी लिहिलेलं पाहिलं नाही, असंही म्हणाले. मग रेघ मारलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे खरं आहे का?”

मी म्हटलं, अक्षर न् अक्षर खरं आहे. गुरुजींनी मान खाली घातली. त्या मान घालण्यात मला पहिल्यांदा काहीतरी कळलं.

इन्स्पेक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं. रनरनं बंद थैलीशिवाय एक चिठ्ठीही बरोबर न्यायची नाही, असा नियम आहे. हे खरं असेल तर मोजणी चुकली आणि नवी मोजणी मागता येईल. पोस्ट बहुधा वाचेलही. पण मग या रनरवर चौकशी बसणार, आणि त्यात तो नोकरीवरून जाणार. हे खोटं असेल तर रनरला काही होत नाही, पोस्ट बंद झाल्यावर त्याला दुसऱ्या वाटेवर देता येतो. पण मग मोजणी बरोबर ठरते.

“काय ते तुम्ही लिहून द्या,” ते म्हणाले. “खरं म्हणा, खोटं म्हणा. मला आज कागद न्यायचा आहे.”

मी बाहेर पाहिलं. मामा खांबाला टेकून तसेच उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांच्या दुसऱ्या हातात एक चामडी बॅग होती, पितळी कड्यांची. ती मामांची नव्हती.

“साहेब,” मी म्हटलं, “तुमची बॅग वर कुणी आणली?”

इन्स्पेक्टर बॅगेकडं पाहत राहिले, मग माझ्याकडं. ते हसले, पण त्या हसण्यात त्रास होता.

“तेही लिहून देता का?” ते म्हणाले. “द्या. पण ते माझ्याबरोबर त्याच्याही विरुद्ध जाईल.”

आजही मला त्या खोलीतला खडूचा वास येतो. माझ्याकडं सत्य होतं, पुरावा होता, साक्षीदार होते. यंत्र होतं, स्टेन्सिलं होती. आणि प्रत्येक गोष्ट फिरून त्या पडवीतल्या माणसावरच जात होती. खिडकीबाहेर धुकं उतरलं होतं. मी मामांना आत बोलावून विचारलं, काय लिहू?

त्यांनी काखेतली थैली सावरली. मग म्हणाले, “बाय, मला लिवनं येत न्हाई. तू लिव्हशील ते.” आणि थोडं थांबून, “पोरीचं लगीन हाय औंदा.”

मी लिहिलं. पत्रकातला रनरविषयीचा मजकूर ऐकीव असून खोटा आहे. खाली सही केली. माझ्या सहीला मी तेव्हा फार जपत असे. ती त्या कागदावर नेहमीसारखीच वळणदार आली, याचा मला राग आला.

इन्स्पेक्टर बूट घालून उठले. बॅग त्यांनी मामांच्या हातातून घेतली आणि स्वतः उचलली.

घरी येऊन दादांना सांगितलं. मला वाटलं होतं ते तोंड फिरवतील. मी सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, छापलेलं मागं घेतलं मी. ते बोलताना शब्द अर्धे तुटायचे, त्यामुळं वाक्य पुरं व्हायला वेळ लागला.

“मी तुरुंगात गेलो,” ते म्हणाले, “तेव्हा मीच गेलो.”

तेवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, आणि तुरुंगाची गोष्टही सांगितली नाही.

भात कापणी संपायच्या आत पोस्ट बंद झालं. एक माणूस येऊन तांबडा डबा सोडवून घेऊन गेला. खांबावर चार खिळे आणि न विटलेल्या चुन्याचा एक चौकोन राहिला. गुरुजींनी तिथं मुलांच्या हजेरीची पाटी टांगली. येणारी पत्रं आता कुणी खाली गेलं तर आणायचं. माझं साप्ताहिक दोन दोन महिन्यांचं एकदम यायचं आणि त्यातल्या बातम्या दादांना वाचून दाखवताना दोघांनाही संकोच वाटायचा. एका पावसाळ्यात तर मी वाचायचंच सोडून दिलं.

राग माझा गेला नाही. प्रश्न विचारले होते त्या पत्रकात, एकाचंही उत्तर आलं नाही. पत्र ज्या हातात दिलं त्या गावाचं, की जिथं शिक्का बसला त्या गावाचं, हे कुणी ठरवलं? सरकारनं माझ्याकडून मात्र एका दुपारीत उत्तर घेतलं, सहीनिशी.

मामांना पलीकडच्या डोंगराची वाट मिळाली. पुढच्या चैत्रात मी दादांचं औषध आणायला खाली गेले होते. ते समोरून थैली घेऊन येताना दिसले. पायात नवीन वहाणा होत्या. पोरीचं लग्न नीट झालं, म्हणाले. माझ्यापाशी नगरच्या मैत्रिणीला लिहिलेलं पत्र होतं. बोलता बोलता, नकळत, मी ते त्यांच्यापुढं धरलं.

त्यांचा हात निम्मा उचलला गेला आणि थांबला. त्यांनी तो थैलीच्या पट्ट्यावर ठेवला.

“डब्यात टाका, ताई,” ते म्हणाले. एरवी ते मला ‘बाय’ म्हणत.

मी पत्र घेऊन पोस्टाकडं निघाले. मागं त्यांची पावलं पलीकडच्या वाटेला लागल्याचं ऐकू आलं. त्या वाटेवरही वाड्या होत्या. तिथली माणसंही बांधावर थांबत असतील, आणि ते न थांबता पुढं जात असतील.