दोन वर्ग, एक खोली

शाळेसाठी कुणी काही आणून दिलं की आमचे हेडमास्तर दोन्ही हात पाठीमागे बांधत. खडूची पेटी असो, नाहीतर पत्र्याचा तुकडा. "सरकार हाय ना?" एवढंच म्हणत. आणणारा ओशाळून वस्तू परत घेऊन जाई.

वाटलं ना, काय आढ्यताखोर माणूस? मलाही वाटलं होतं. सत्तरच्या दशकात, आमच्या बेटावरच्या प्लेन दे पपायजवळच्या गावात, सरकारी शाळेत मी नवी शिक्षिका होते. वादळानं शाळेची अर्धी इमारत नेली होती. उरलेल्या एकुलत्या मोठ्या खोलीत माझी तिसरी आणि दुसऱ्या बाईंची चौथी पाठीला पाठ लावून बसत. मी पाढे सांगायला लागले की मागून फ्रेंच कविता सुरू व्हायची. ओरडून ओरडून रोज घसा बसायचा. त्यात भिंतीला हात आत जाईल एवढी भेग.

गावाला हे बघवेना. सगळी उसात राबणारी माणसं, देऊळ त्यांनी स्वतःच्या हातांनी उभारलेलं. माझे वडीलच पुढे झाले. "गुरुजी, चार रविवार द्या. खोल्या आमी बांधतो."

हेडमास्तरांचे हात पाठीमागे गेले. "देऊळ आपला, ते आपण बांधू. शाळा सरकारची. एकदा आपण बांधली का सरकार म्हणंल, यांना काय लागत नाय."

"मंग काय, सरकारपुढं हात पसराचा?"

"हात नाय पसराचा. बोट दाखवाचा."

हे बोट दाखवायला ते दर सुट्टीत बसनं राजधानीत, पोर्ट लुईला जात. अंगात तोच एक करडा कोट, काखेत अर्जांची फाइल. शिक्षण खात्याच्या कचेरीतले शिपाई त्यांना ओळखायला लागले, यापलीकडे बराच काळ काही घडलं नाही. अखेर निरोप आला, साहेब पाहणीला येणार. त्यांना घेऊन यायला हेडमास्तर पहिल्या बसनं गेले.

आणि मागे आम्ही घोळ घातला. पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्या माणसांना स्वस्थ बसवतं का? लग्नात घालतात तसा बांबूचा हिरवागार मांडव पटांगणात उभा राहिला. संध्याकाळी जिथे मराठी शिकवत, त्या बैठकेतले चांगले बाक आले. मुलं मांडवात बसली. भिंतीला चुना लागला आणि भेगेवर आईची हिरवी नऊवारी मी स्वतः, माझ्या हातानं, पडद्यासारखी टांगली. काय सुरेख दिसत होती!

साहेब मांडवात पुरणपोळी जेवले. हेडमास्तर त्यांना खोलीकडे नेऊ पाहत होते, पण दर वेळी कुणीतरी ताटात आणखी एक पोळी वाढी. साहेबांनी मुलांची गाणी ऐकली, दारातूनच ती साडी पाहिली, "लेकोल-ला बिएं," शाळा छान आहे, असं सगळ्यांना सांगितलं आणि गाडीत बसले.

अहवालात शाळा सुस्थितीत असल्याचं लिहिलं गेलं. त्या वर्षी ज्या शाळांना बांधकामाला पैसे मिळाले, त्यांत आमची नव्हती.

"साडी मी लावली होती," मी हेडमास्तरांना जाऊन सांगितलं. चांगली बोलणी खायची तयारी होती.

ते म्हणाले, "माज्या घरची भित असती तर मी पण झाकली असती, पोरी. पाव्हण्याला फुटकी भित कोण दाखवंल? आता शिकू."

त्यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी घरी येऊन रडले.

पुन्हा बस, पुन्हा अर्ज. दोन वर्षांनी दुसरे साहेब आले. या वेळी गावानं फक्त चहा दिला. वडील फाटकाशी हाताची घडी घालून उभे होते. पाहुण्याला न जेवता जाऊ देणं त्यांना ऊस तोडण्याहून जड गेलं असणार.

हेडमास्तरांनी साहेबांना चौथीच्या शेवटच्या बाकावर बसवलं, हातात पेन्सिल दिली आणि बेटावरच्या क्रेओल बोलीत नम्रपणे म्हणाले, मुलांबरोबर श्रुतलेखन लिहा, दहाच मिनिटं. चौथीच्या बाई वाक्य सांगू लागल्या, मी माझे पाढे सुरू केले. साहेबांनी दोनदा कान पुढे केला. तिसऱ्या वाक्याला पेन्सिल खाली ठेवली. मग उठून भिंतीपाशी गेले आणि भेगेत हात घालून पाहिला. हेडमास्तर हात पाठीमागे बांधून बाजूला उभे राहिले. मला त्या दिवशी त्यांचा इतका अभिमान वाटला, की सातचा पाढा चुकला.

पैसे मंजूर झाले. काम सुरू व्हायच्या आत हेडमास्तरांची बदली झाली, पार दक्षिणेला, शमें ग्रेनिएला. चार पक्क्या खोल्यांचं उद्घाटन झालं तेव्हा भाषणं पुष्कळ झाली, त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. माझे वडील मात्र छाती पुढे काढून येईल त्याला सांगत होते, "ही शाळा आमी नाय बांधली!"

दुसऱ्या दिवशी मी तिसरीचा वर्ग नव्या खोलीत नेला, दार लावलं आणि श्रुतलेखनाचा पहिला शब्द नेहमीसारखा ओरडून सांगितला. सगळी मुलं खो खो हसली. मीही हसले. तेव्हा हेडमास्तर तिथे हवे होते, फार हवे होते. मग मी तोच शब्द हळू आवाजात सांगितला, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीनंही मान खाली घालून तो लिहायला घेतला.