पळसाखालून आलेली शिट्टी

या ग्रुपवरच्या जुन्या मेंबरांना माझी ओळख सांगायला नको. कुणाला पिंपळावर हडळ दिसली की ‘ताई, चष्म्याचा नंबर तपासा’ अशी कमेंट टाकणारा, तो मीच. दोनदा अॅडमिननी मला समज दिलीय. तेव्हा आज माझी पोस्ट बघून ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या, माझी ना नाही. मी थांबतो.

झालं? आता ऐका.

मी डोंबिवली एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे दिवसभर लोकांना ‘हेल्मेट कुठाय, हेल्मेट कुठाय’ विचारून शिव्या खाणारा माणूस. आम्ही मूळचे आगरी. शेती मलंगगडाच्या पायथ्याशी, नेवाळी नाक्यावरून आत गेलं की. मी बायकोबरोबर डोंबिवलीत फ्लॅटमध्ये राहतो. बाबा गावीच असतात, दिनूजवळ. दिनू माझा चुलत भाऊ. काका लवकर गेले, तेव्हापासून तो आमच्याच घरात वाढला. शेती तोच बघतो, बाबांचं दुखलं-खुपलंही तोच बघतो. हे मी नीट सांगतोय, कारण पुढे लागणार आहे.

दसऱ्याच्या सुमाराला भात पिकायला आलं की डुकरं उतरतात. एका रात्रीत अख्खं खाचर लोळवून टाकतात. आजोबांपासूनची पीक राखायची परवान्याची बंदूक घरात आहे आणि डुकरांसाठी वनखात्याची परवानगीही रीतसर काढलेली. त्यामुळे कमेंटमध्ये मला कायदा शिकवू नका, प्लीज.

दिनूचा फोन आला, ‘रविवारी हाका घालताव, येतंस का?’ मी म्हटलं येतो, पण माझ्या अटींवर. अहो, हाका म्हणजे काय असतो माहितीये का? गावातली माणसं उंच गवतात शिरतात, डबे बडवतात, डुक्कर घाबरून बाहेर पडतं आणि बंदूकवाला बार काढतो. कोण कुठे उभा आहे याचा कुणाला पत्ता नाही, सगळ्यांच्या अंगात मळके शर्ट, गवत पुरुषभर! आमच्या कंपनीत असं काम कुणी केलं असतं तर मी गेट बंद केलं असतं.

म्हणून मी झगझगीत नारंगी जॅकेटं घेऊन गेलेलो. प्रत्येकाला एक जॅकेट, एक प्लास्टिकची शिट्टी.

जॅकेट बघून दिनू खो खो हसला. ‘काय रं पम्या, शिकारीला चाललाव का गटार खोदाला?’

‘घाल गुपचूप.’

‘अरं, डुकराला पन दिसंल ना यो रंग!’

‘डुकराला नाही कळत हा रंग. माणसाला कळतो. आणि मला डुकरापेक्षा तुझी भीती जास्त आहे.’

यावर बाबासुद्धा हसले. बाबा तसे कमी हसतात. त्यांनी जॅकेट घातलं, बटणं लावली आणि म्हणाले, ‘पोरगा बोलतंय ता बरोबर हाय. घाला रं सगल्यांनी.’ मला त्या वेळी इतकं भारी वाटलेलं... काय सांगू. माझ्या नोकरीचं बाबांना कधी कौतुक नव्हतं.

नियम मी आदल्या दिवशीच सगळ्यांना समजावलेला. बंदूक दिनूकडे. तो आणि बाबा खाचराच्या कडेला माळ्यावर, म्हणजे राखणीसाठी बांधलेल्या लाकडी मचाणावर बसणार. गवत हलायला लागलं की बाबांनी एक लांब शिट्टी मारायची. हाकेवाल्यांनी डबे थांबवायचे आणि प्रत्येकाने आपापल्या जागेवरून शिट्टीनं उत्तर द्यायचं. सगळ्यांची उत्तरं आली, सगळी जॅकेटं डोळ्यांनी दिसली, की बाबांनी ‘हां’ म्हणायचं. तोवर दिनूचं बोट चापाबाहेर. एक जरी जॅकेट दिसलं नाही तरी बार नाही, डुक्कर गेलं तर गेलं.

माझी जागा खाली ओहोळाच्या काठाला, एका मोठ्या धोंड्यावर. धोंड्यावर उभा राहिलेला माणूस माळ्यावरून स्वच्छ दिसतो, हे मी स्वतः माळ्यावर चढून पाहिलेलं. ओहोळाच्या वरच्या अंगाला टेकाड आहे आणि टेकाडावर एकच पळस. तिकडे कुणाचीच जागा नव्हती.

सकाळचं कोवळं ऊन होतं. धुकं नाही, पाऊस नाही, काही नाही. हाका सुरू झाला. डबे वाजताहेत, माणसं आरडताहेत, मी धोंड्यावर उभा. थोड्या वेळानं गवत हललं. बाबांची लांब शिट्टी आली. डबे थांबले. एकेकाची उत्तरं यायला लागली, सगळ्यात शेवटी माझी पाळी. मी शिट्टी तोंडाशी नेली...

आणि उत्तर आलं. माझ्या डोक्यावरून, टेकाडाकडून.

मी मान वळवून वर पाहिलं. पळसाची पानं आणि झाडाची सावली, बाकी काही नाही. मला वाटलं, हाकेवाल्यांतला कुणी अतिशहाणा वर चढून बसला असणार. चिडलोच मी. मनात म्हटलं, याला संध्याकाळी बघतो. आणि मग माळ्यावरून बाबांचा आवाज आला, अगदी स्पष्ट. ‘हां.’

मी ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात डुक्कर गवतातून फुटलं, थेट माझ्या दिशेनं. आणि बार झाला.

दुखलं असं नाही वाटलं हो आधी. कुणीतरी खांद्यावर जोरात फळी हाणावी तसं वाटलं आणि मी ओहोळात पडलेलो. डाव्या खांद्यात छर्रे, दंडात छर्रे, एक जबड्याखाली. तो अजून तिथेच आहे, डॉक्टर म्हणाले काढण्यात जास्त धोका. पाण्यात पडल्या पडल्या पहिला विचार काय आला सांगू? की माझं जॅकेट सरकलं का? मी चाचपून बघितलं. जॅकेट अंगात होतं, नारंगी, कोरं करकरीत, आता भोकं पडलेलं.

कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आलो तेव्हा बायको, नीलम, उशाशी बसलेली. बाबा दाराशी उभे. बंदुकीची जखम म्हटल्यावर पोलीस येणारच. हवालदारानं बाबांचा जबाब मी शुद्धीवर येण्याआधीच घेतलेला, तो मला वाचून दाखवला. त्यात होतं की मुलगा आपली जागा सोडून टेकाडावर पळसाखाली गेला, तिथून त्याने शिट्टी दिली, हात केला, म्हणून मी भावाच्या मुलास इशारा केला. मुलगा परत खाली कधी उतरला ते कळले नाही.

‘साहेब, तुम्ही सेफ्टी ऑफिसर ना?’ हवालदार म्हणाला. हसू दाबत होता.

मी बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मी धोंड्यावरून एक पाऊल हललो नव्हतो हो! पण मी ‘हे खोटं आहे’ म्हटलं असतं तर दिनू आत गेला असता आणि त्याच्या मागोमाग बाबा. मी म्हटलं, ‘बरोबर आहे.’ आणि सही केली. उजवा हात शाबूत होता.

पोलीस गेल्यावर मी विचारलं, ‘बाबा, असं का सांगितलंत?’

‘जा दिसला ता सांगितला. तू वर व्हतास, पम्या. पलसाखाली. मना दिसलास तू.’

‘मी धोंड्यावर होतो.’

‘हात केलास मना. आता कनाला वाद घालतंस? झोप.’

दिनूचंही तेच. शब्दाला शब्द तेच! हाकेवाले म्हणाले, आम्हाला गवतातून काही दिसलं नाही, पण शिट्टी वरून आली एवढं खरं. गावात, कंपनीत, सगळीकडे एकच झालं. दुसऱ्यांना नियम शिकवणाऱ्यानं स्वतः जागा सोडली. माझ्याच हाताखालच्या पोरांनी मला ‘पळसवाले साहेब’ नाव ठेवलं. त्याचंही मला एवढं नाही. पण रात्री पडल्या पडल्या एकच घोळ डोक्यात फिरायचा. माळ्यावर शिट्ट्या दोन होत्या, बाबांची आणि दिनूची. माझ्या उत्तराची वाट न बघता दिनूनंच तोंड वळवून वाजवली असेल तर? आणि बाबांनी ते पाहिलं असेल तर? म्हणजे माझ्या बापानं, दिनूला वाचवायला म्हणून, मला सगळ्यांसमोर खोटं पाडलं? आणि नुसतं नंतर नाही... ‘हां’ म्हणायच्या आधी त्यांनी धोंड्याकडे पाहिलंच नव्हतं?

नीलम म्हणाली, ‘एकदा जाऊन बघून या ना काय ते. तुम्ही कंपनीत नाही का करत, अपघातानंतर सगळं परत मांडून बघता?’ बाई शहाणी आहे. खांदा जरा हलायला लागल्यावर आम्ही दोघं गेलो, घरी न कळवता, भरदुपारी. शेतात चिटपाखरू नव्हतं. तिला माळ्यावर बसवलं, मोबाईलवर कॉल चालू ठेवला. मी नवीन जॅकेट घालून धोंड्यावर उभा राहिलो.

‘दिसतोय का?’

‘अहो, दिसताय काय, मिशीसकट दिसताय!’

मी धोंड्यावरून उतरलो. मग टेकाड चढून पळसाखाली गेलो.

‘आता?’

‘जॅकेट दिसतंय. चेहरा नाही कळत, सावली आहे.’

‘बरं, आता शिट्टी वाजवतो. कुठून आल्यासारखी वाटते ते सांग.’ मी खिशात हात घातला. शिट्टी काढत होतो.

‘हां, आली की. वरनंच आली, तुमच्याकडून,’ नीलम म्हणाली.

मी तसाच उभा. शिट्टी माझ्या हातात होती, तोंडात नाही. मला काहीही ऐकू आलेलं नव्हतं. ‘नीलम, मी अजून वाजवली नाही,’ एवढं बोलायलाही मला वेळ लागला. ती म्हणाली, ‘अहो, खाली या. आत्ताच्या आत्ता खाली या.’

टेकाड कसं उतरलो विचारू नका. गाडीत बसल्या बसल्या नीलमनं गाडी सुरू केली. ती असल्या गोष्टींवर माझ्याइतकीच हसणारी बाई आहे आणि तिला मी रचून सांगायला लावतोय असं कुणाला वाटत असेल तर त्यानं खुशाल वाटून घ्यावं. ती आजही म्हणते, ‘मी ऐकली.’

आणि खरं सांगू का? भीती वाटली, पण त्याहून जास्त मला आनंद झाला. हसू नका. नाक्यापर्यंत येता येता मी रडत होतो आनंदानं. म्हणजे तिथे काहीतरी आहे! म्हणजे बाबा खोटं बोलले नाहीत, त्यांना तिथे खरंच कुणीतरी दिसलं, माझ्यासारखं! इतके दिवस मी माझ्या बापाबद्दल काय काय विचार केला, लाज वाटली मला. नीलमला म्हटलं, गाडी फिरव, बाबांकडे जाऊ.

बाबा पडवीत सुपारी कातरत बसलेले. दिनू घरात नव्हता. मी सगळं सांगितलं, शिट्टीचं, नीलमचं. ते ऐकत होते, अडकित्ता हातात तसाच.

‘आता पटलं ना?’ ते म्हणाले. ‘मी बोलत व्हतू ना.’

‘पटलं बाबा. चुकलं माझं. फक्त एकदा शपथेवर सांगा, म्हणजे डोक्यातून जाईल.’

‘गावदेवीची शप्पत,’ ते लगेच म्हणाले. ‘दिसलास तू मना पलसाखाली.’

तिथे मी थांबायला हवं होतं. पण सवय हो, सगळं पक्कं करून घ्यायची सवय. मी त्यांच्यापुढे खाली बसलो आणि मान वाकवली. ‘देवीची नको. माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगा.’

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. हात उचलला. मला त्यांच्या हाताची सावली माझ्या गुडघ्यावर दिसत होती. ती आली, थांबली. बराच वेळ तशीच होती. मग मागे गेली.

‘तुझ्या डोक्याची नाय घेनार,’ बाबा म्हणाले. ‘तुला काय झाला तं?’

‘खरं असेल तर मला काय होणार, बाबा?’

ते उठले. आत जाता जाता म्हणाले, ‘दिनूनं चिंबोऱ्या आनल्यान. दोघांव जेवून जा.’

आम्ही जेवलो. खेकड्यांचं कालवण नेहमीसारखंच झालेलं. बाबांनी स्वतः माझ्या ताटात मोठी नांगी वाढली आणि मी खाल्ली. काय करणार?

तुम्ही म्हणाल, बाबा घाबरले ते तिथल्या ‘त्या’ला, आपल्या पोराचं डोकं कशाला मध्ये आणायचं म्हणून. असेल, मी रोज स्वतःला तेच सांगतो. जाणकारांनी कमेंटमध्ये लिहा, पळसाखाली कोण असेल, काय असेल, का असेल. मी टिंगल करणार नाही. मनापासून वाचीन, कारण मला ते भूत खरं हवंय. शिट्टी कुणी दिली मला कळलेलं नाही. ज्या सकाळी धुकं नव्हतं, त्या सकाळी मी धोंड्यावर उन्हात उभा होतो, नारंगी जॅकेट घालून, माझ्या बापाच्या समोर. आणि त्यांना मी दिसलो नाही. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.